नाकातून आलेलं दूध

दुभंगलेल्या ओठांच्या मुलांचं शिबिर लागलं की पहिल्या टेबलावर कोण बसणार, हा प्रश्न त्या दवाखान्यात कधी पडला नाही. तिथं हुंगणाऱ्या सिस्टरच बसायच्या. बाहेरून डॉक्टरांचा ताफा यायचा, स्वतःची रजा खर्चून पाच दिवस फुकट शस्त्रक्रिया करायचा आणि निघून जायचा. त्या पाच दिवसांसाठी कुठून कुठून माणसं यायची, कडेवर लेकरू, लेकराच्या तोंडावर फडकं. फडकं बाजूला करण्याचा पहिला मान सिस्टरांचा.

आणि मग त्यांचा तो प्रसिद्ध प्रकार सुरू व्हायचा. लेकराला मांडीवर घ्यायचं, आईनं आणलेलं दूध चमच्यानं पाजायचं, थोडं थांबायचं, नाकातून जे काही येईल ते गॉजच्या पांढऱ्या तुकड्यावर टिपायचं आणि तो तुकडा सरळ आपल्या नाकाशी न्यायचा. नव्या डॉक्टरांना हसू फुटायचं. एकानं तर विचारलं होतं, "सिस्टर, चवसुद्धा बघता की काय?"

"गरज पडली तर बघीन," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं मूल घेतलं.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात या हुंगण्यावर तीन भाषणं झाली. माया, तळमळ, सेवाभाव असे ठेवणीतले शब्द बाहेर निघाले. सिस्टर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या, तर तो लोकांना विनय वाटला. विनय कसला आलाय! त्या बाईला त्या खुर्चीत बसवत नव्हतं. गॉज हुंगायची सवय त्यांना मायेपोटी लागली नव्हती. ती लागली होती लाजेपोटी, आणि ती लाज कुणाला माहीत नव्हती.

पहिलं शिबिर आलं तेव्हा सिस्टर पस्तिशीच्या आत होत्या आणि लस टोचण्याच्या खोलीत काम करत होत्या. तेव्हा त्यांचा लौकिक वेगळा होता. त्यांच्यापुढं थाप मारून कुणी सुटत नसे. मागची लस खरंच दिली की नुसतंच 'दिली' म्हणतायत, हे त्या आईच्या चेहऱ्यावरून सांगायच्या. घरीही तेच. सासूबाईंनी मधुमेहात चोरून साखर खाल्ली की सिस्टर चमच्याच्या चिकटपणावरून ओळखायच्या. नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो त्यांना फौजदार म्हणायचा आणि त्यांना ते मनातून आवडायचं. आपल्याला कुणी फसवू शकत नाही, याचा माणसाला अभिमान चढला की तो लवकर उतरत नाही. सिस्टरांना तो चांगलाच चढला होता.

म्हणूनच दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना पहिल्या टेबलावर बसवलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेऊन बजावलं, "सर्दी, खोकला, ताप असलेलं एकही मूल आत येता कामा नये. भुलीत श्वास अडकला तर मूल टेबलावरच जाईल. आया खोटं बोलतील. त्यांचाही दोष नाही. पण तुम्ही ऐकू नका."

तुम्ही ऐकू नका, हे सिस्टरांना सांगायची गरजच नव्हती. टेबलावर दोन गठ्ठे होते, हिरव्या चिठ्ठ्यांचा आणि लाल चिठ्ठ्यांचा. हिरवी मिळाली की आत डॉक्टरांकडे, लाल मिळाली की पुढच्या वर्षी. बाहेर सव्वादोनशे मुलं होती आणि शस्त्रक्रिया होणार होत्या साठ.

आणि आया खोटं बोलतच होत्या. एकीनं तापाचं औषध पाजून कपाळ ओल्या फडक्यानं गार करून आणलं होतं. सिस्टरांनी बगलेत हात घातला आणि लाल चिठ्ठी दिली. एकीचं मूल खोकलं की ती स्वतःच मोठ्यानं खोकायची. सिस्टर म्हणाल्या, "छान खोकता हो. आता थोडा वेळ त्याला खोकू द्या." रांग हसली, टेबलाशी बसलेला कारकून हसला. दुपारपर्यंत त्यांनी अकरा जणींना पकडलं होतं. खरं सांगायचं तर तोवर त्यांना त्याची गंमत वाटू लागली होती. समोर उभी बाई काय आशेनं आली आहे, हे बघणं मागे पडलं होतं आणि ती कुठं लपवाछपवी करते आहे, एवढंच दिसत होतं.

बारावी आली ती पोती शिवणारी. कोवळी पोर होती ती, विशीतली. सुतळीनं बोटांना चरे पडलेले, आणि कडेवर चौदा महिन्यांची मुलगी. तिला ती चिमी म्हणत होती. चिमीचा वरचा ओठ एका बाजूनं थेट नाकापर्यंत उघडा होता. वजन चांगलं होतं, डोळे टपोरे, हसरी मुलगी. आणि नाकातून पांढरं ओघळत होतं.

"सर्दी आहे," सिस्टर म्हणाल्या.

"नाही हो बाई. आत्ता रांगेत दूध पाजलं, ते येतंय."

"नाकातून?"

"हिचं येतं. रोजच येतं. अर्धं पोटात जातं, अर्धं नाकातून बाहेर."

सिस्टरांनी कारकुनाकडं पाहिलं. "सकाळपासून अकरा जणींनी अकरा कारणं सांगितली. पण ही कल्पना मात्र नवी आहे हं!"

कारकून खो खो हसला. मागच्या दोघी-तिघी हसल्या. पोती शिवणारीही जरा हसली. साहेबानं विनोद केला की गरीब माणूस हसतो, तसं.

"मी खरं सांगते, बाई. हवं तर इथंच पाजून दाखवते. चमचाभरच."

"इथं पाजापाजी करायची नाही. मागे रांग बघ केवढी आहे." लाल चिठ्ठी तिच्या हातात गेली. "सर्दी बरी करून पुढच्या वर्षी ये."

तिनं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "पुढच्या वर्षी नक्की येतील ना हे लोक?"

"येतील की. न यायला काय झालंय?"

एवढंच झालं. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. कायद्यानं बघितलं तर सिस्टरांनी सांगितलेलं काम केलं होतं. त्यांनी तोवर फाटलेले ओठ पाहिले होते. पण ओठाच्या मागे कधीकधी टाळूही उघडी असते, आणि ती उघडी असली की काय होतं, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. चूक कुणाच्याही हातून होते. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर मी ती सांगायला बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांना वॉर्डात बोलावणं आलं. म्हातारे सर्जन एका लेकराचं तोंड उघडून शिकाऊ डॉक्टरांना आत दाखवत होते आणि त्यांना बॅटरी धरायला कुणीतरी हवं होतं. सिस्टरांनी बॅटरी धरली. आत वर छतच नव्हतं. "बघा," सर्जन म्हणाले, "नाक आणि तोंड मिळून एकच खोली आहे. हे दूध पितं तेव्हा ते वर चढतं आणि नाकातून बाहेर येतं. पुष्कळांना ती सर्दीच वाटते."

बॅटरीचा उजेड हलला.

"नीट धरा, सिस्टर," सर्जन म्हणाले.

सिस्टरांना पोती शिवणारी आठवली. हवं तर इथंच पाजून दाखवते, असं ती म्हणाली होती. ती खरं बोलत होती, आणि आपण तिची टिंगल करून सगळ्या रांगेला हसवलं होतं. वॉर्डातून बाहेर पडताना त्यांनी ठरवलं की आत्ताच्या आत्ता मोठ्या डॉक्टरांना सांगायचं. रजिस्टरात पत्ता होता. गाव तीन तासांवर होतं, चारची एसटी त्याच बाजूला जायची, कंडक्टरच्या हाती निरोप गेला असता. ऑपरेशनचे तीन दिवस शिल्लक होते.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत तो कारकून बसला होता. सिस्टर दारापर्यंत गेल्या, त्यांनी त्याला पाहिलं आणि त्या माघारी फिरल्या. थोड्या वेळानं जाऊ, तो उठला की जाऊ. मग चार वाजून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तर संधी चालून त्यांच्यापुढं आली. यादीतल्या दोन मुलांना रात्रीतून ताप भरला होता. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन जागा रिकाम्या झाल्यात. परत पाठवलेल्यांपैकी कुणी आहे का, ज्याला बोलावता येईल?" आणि त्यांनी सिस्टरांकडंच पाहिलं, कारण ते सांगू शकणारं दुसरं कुणी नव्हतंच.

सिस्टरांची जीभ रेटेना. सगळे बघत होते. आहे म्हटलं तर कोण, म्हणून विचारणार. का परत पाठवलं होतं, म्हणून विचारणार. आणि कारकून सांगणार की अहो, ती दूधवाली ना! त्यांनी मनाशी म्हटलं, ती काय आता इथं बसली आहे? गेली असेल आपल्या गावी. निरोप पोचणार कधी, ती येणार कधी. एक वर्षाचा तर प्रश्न आहे.

"नाही, कुणी नाही," त्या म्हणाल्या.

त्या दोन जागा तशाच गेल्या. पुढं चोवीस वर्षं सिस्टरांनी हा एक शब्द पोटात ठेवला, तो नवऱ्यालाही कळू दिला नाही.

पुढच्या वर्षी शिबिर आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्या डॉक्टरांची पाळी दुसऱ्या कुठल्या भागात लागली म्हणे, मग इथल्या ऑपरेशन थिएटरचं काम निघालं, मग पत्रं गेली आणि आली. सिस्टर दर महिन्याला ऑफिसात जाऊन विचारायच्या. कारकून म्हणायचा, "तुम्हालाच फार घाई झालेली दिसते!" टाळू दीड वर्षाच्या आत शिवली तर मूल इतरांसारखं बोलायला शिकतं, हे आता सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. मिळेल ते पुस्तक त्या वाचत होत्या. दर वर्ष उलटताना त्यांना चिमीचं वय बरोबर पाठ असायचं.

शिबिर परत आलं तेव्हा चिमीला सहावं लागलं होतं. सिस्टर पहिल्या टेबलावर बसल्या होत्या आणि रांगेत त्यांना ती लांबूनच दिसली. पोती शिवणारी आता पोरसवदा राहिली नव्हती. जवळ येताच तिनं घाईघाईनं मुलीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, या वेळी सर्दी होऊ दिली नाही हो तिला. पंधरा दिवस घराबाहेर सोडलं नाही. आणि सकाळपासून दुधाचा थेंब दिलेला नाही."

तोंडात मारल्यासारखं झालं सिस्टरांना. तिच्या मनात राग नव्हता. तिनं दोष स्वतःकडं घेतला होता आणि तो फेडून आली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं की अगं, तुझं काही चुकलं नव्हतं. मागे रांग होती, समोर कारकून होता, तोच. सिस्टरांनी हिरवी चिठ्ठी लिहिली, तिला स्वतः हाताला धरून आत नेलं, आणि पहिल्या दिवसाच्या यादीत पहिलं नाव चिमीचं घातलं. पाच दिवस त्या मुलीच्या खाटेपाशी आईपेक्षा जास्त त्याच होत्या. पोती शिवणारी वॉर्डभर सांगत सुटली की अशी देवमाणूस बाई बघितली नाही.

ओठ सुरेख शिवला गेला. टाळूही शिवली गेली. पण उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी चार महिन्यांनी मान हलवली. एवढी वर्षं उघड्या टाळूनं बोलून जीभ तशीच वळली होती. प आणि ब दोन्ही म होऊन नाकातून निघायचे, क आणि ग घशातच राहायचे. घरच्यांना तिचं सगळं कळायचं, परक्याला निम्मं. शाळेत बाकीची मुलं तिची नक्कल करायची, म्हणून चौथीनंतर ती शाळेत जायची बंद झाली. हे सगळं सिस्टरांना कळत गेलं, कारण त्या बाजूचं कुणीही भेटलं की त्या तिची चौकशी करत.

त्यानंतर शिबिर दर वर्षी येत राहिलं, आणि नाकातून येतं ते दूध की सर्दी, हे ठरवायला सिस्टर गॉज हुंगत राहिल्या. त्यांच्या टेबलावरून एकही मूल चुकून परत गेलं नाही, हे खरं आहे. शेकडो मुलं वेळेवर शिवली गेली, वेळेवर बोलू लागली. पण त्यातलं एकही पोर चिमीच्या वतीनं बोलणार नव्हतं.

निवृत्तीच्या त्या समारंभात भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी आल्यावर नवरा खिळा ठोकायला जागा शोधत होता. सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या. मला ते भिंतीवर नको." आणि खाली बसून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

मास्तरांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "इतकी वर्षं माझ्याजवळसुद्धा बोलली नाहीस?"

"तुम्ही मला फौजदार म्हणायचात ना. मग मी कुठल्या तोंडानं सांगणार?"

मास्तरांनी समजूत घातली नाही. जाऊ दे, झालं गेलं, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी एसटीचं वेळापत्रक काढलं आणि सकाळी सातच्या गाडीवर बायकोला बसवून दिलं. "मी येत नाही," ते म्हणाले. "हे तुझं तुलाच सांगावं लागेल."

चिमीचं कपडे इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. गल्लीत पत्र्याखाली एक टेबल, त्यावर जाड घोंगडी आणि वर पांढरी चादर, जुनी जड इस्त्री, पाणी मारायची बाटली, आणि मागे तारेवर हँगरला लावलेले शर्ट ओळीनं. कपडे किती आणि कधी हवेत ते गिऱ्हाइकं दाराशी टांगलेल्या पाटीवर लिहून जात, म्हणजे बोलायचं काम फारसं पडत नसे. पंचविशीची झाली होती ती. ओठावर बारीकशी रेघ होती, माहीत असलेल्यालाच दिसेल अशी. तिनं सिस्टरांना लगेच ओळखलं, खुर्ची पुसून पुढं केली, पाणी दिलं.

"आई कुठंय?" सिस्टरांनी विचारलं.

चिमी बोलली. सिस्टरांना कळलं नाही, आणि कळलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चिमीनं वर बोट केलं आणि दोन बोटं दाखवली. दोन वर्षं झाली होती.

सिस्टर दोघींना सांगायला आल्या होत्या. आता एकच उरली होती. त्यांनी सांगितलं. लाल चिठ्ठी, रांगेतलं हसणं, म्हाताऱ्या सर्जनची बॅटरी, दोन रिकाम्या जागा. कुठलाही भाग गाळला नाही. चिमी एका शर्टाची कॉलर इस्त्री करत ऐकत होती. मग तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

ती सावकाश बोलू लागली, तेव्हा सिस्टरांना बरंचसं उमगलं. आई मरेपर्यंत स्वतःलाच बोल लावायची. त्या दिवशी मी तुला दूध पाजायला नको होतं, म्हणायची. बाबाही तेच म्हणायचे, आत्या तर येता-जाता म्हणायची. तुला एवढीशी कळ काढवली नाही आणि पोरीचं वाटोळं केलंस, असं.

"आईची चूक नव्हती गं," सिस्टर म्हणाल्या. त्या रडत होत्या. "भुकेल्या लेकराला दूध पाजलं, त्यात कसली चूक? चूक माझी होती. आणि कळल्यावरही मी बोलले नाही, ती तर त्याहून मोठी."

चिमीनं विचारलं, तुम्हाला कळलं कधी?

"दुसऱ्याच दिवशी, दुपारी. पण तोवर तुम्ही गावी पोचला असाल, असं मला वाटलं. बोलावणार कसं, असं..."

यावर चिमी भरभर काहीतरी बोलली. लांब वाक्य होतं. सिस्टरांना त्यातला एक शब्दही लागला नाही.

"परत सांग बाळ. मला नाही कळलं."

चिमी वैतागली नाही. जन्मभर तिनं प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली होती. ती टेबलाच्या पुढं आली, सिस्टरांच्या समोर बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आम्ही गेलोच नव्हतो. पाच दिवस तिथंच होतो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर. कुणाची जागा रिकामी झाली तर, म्हणून आई बसली होती."

सिस्टरांनी त्या दिवसांत पायऱ्यांकडं पाहिलंच नव्हतं. मान खाली घालून त्या येत होत्या आणि मान खाली घालून जात होत्या.

"मग ती माझ्याकडं का नाही आली?" त्यांनी विचारलं. "मी तर रोज तिथूनच जात होते."

"आई सांगायची ना," चिमी म्हणाली. "तुम्ही रोज समोरून जायचात. दोनदा ती उठलीसुद्धा. पण मग म्हणाली, बाई कामात आहेत. जागा झाली की त्या आपल्याला हाक मारतीलच."